महारेरा नोंदणी नसताना एजंटाच्या हाताखाली काम: खान्देशातल्या नवख्यांसाठी

'प्लॉटिंगच्या लाईनीत आहे' असं सांगणारी पोरं आता जळगाव-धुळ्यातच काय, चोपडा, अमळनेर, शहाद्यातही चहाच्या टपरीवर भेटतात. बहुतेकांकडे स्वतःची महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी नसते. कोणा नानांच्या किंवा आप्पांच्या ऑफिसात बसायचं, गिऱ्हाईक आणायचं, साइट दाखवायची आणि सौदा झाला की हातावर पडेल ते घ्यायचं, असा एकूण प्रकार. हे कायद्यात बसतं का? काही भाग बसतो, काही अजिबात बसत नाही. आणि जो बसत नाही तोच भाग पोरं पहिल्या आठवड्यात करायला लागतात.

कायद्याच्या नजरेत एजंट कोण

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ चा, म्हणजे रेराचा, कणा मे २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत बिल्डरकडून विकली जात असेल, तर त्या विक्रीत मदत करणाऱ्या एजंटाची स्वतःची नोंदणी हवी. एजंट या शब्दाची व्याख्या कायद्याने बरीच पसरट ठेवली आहे. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, नाव काहीही असो. मोबदला घेऊन विकणारा आणि घेणारा यांची कुठल्याही माध्यमातून गाठ घालून देणारा माणूसही त्यात येतो. 'मी फक्त ओळख करून दिली, बाकी त्यांचं त्यांनी पाहिलं' ही सबब म्हणून चालत नाही. ओळख करून देऊन पैसे घेतले की तुम्ही एजंट झालात.

विनानोंदणी असं काम केलं तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो चढत चढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १५ लाखांचा प्लॉट धरा. एक टक्का दलाली मिळाली तर हातात १५,००० येतील. दंड ७५,००० पर्यंत.

आता रेरात काय येत नाही, तेही बघा. शेतजमिनीचा सौदा, जुन्या घराची मालकाकडून थेट फेरविक्री, भाड्याचं घर, यांत कलम ९ ची नोंदणी लागत नाही. खान्देशात बरीच उलाढाल शेतजमिनीची, त्यामुळे कित्येक जुनेजाणते दलाल आयुष्यभर कुठल्याही नोंदणीशिवाय काम करत आले आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. अडचण होते ती तोच माणूस त्याच सवयीने एनए (बिगरशेती) प्लॉट विकायला बसतो तेव्हा.

'एनए झालंय ना, मग रेरा कशाला?' हे वाक्य तुम्हाला रोज ऐकू येणार आहे. एनए म्हणजे जमिनीच्या वापराची परवानगी. रेरा म्हणजे ती जमीन तुकडे करून लोकांना विकण्यावरची देखरेख. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटिंगलाही नोंदणी लागते. बांधकामात ८ पर्यंत सदनिका असतील तर सूट आहे, आणि कायदा लागू होण्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेले प्रकल्पही बाहेर राहतात. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. रस्त्याच्या कडेला कमान उभारून, झेंडे लावून जे ले-आऊट विकले जातात, त्यातलं एकही एवढं लहान नसतं.

कोणाच्या हाताखाली जायचं

पहिलं काम मोबाइलवरच होतं. महारेराच्या संकेतस्थळावर एजंटाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधा. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून मुदत संपलेली तर नाही ना ते बघा. नोंदणी व्यक्तीच्या नावावर आहे की फर्मच्या, तेही पाहा. तुम्हाला कामावर घेणारा आणि नोंदणी असलेला एकच असला पाहिजे. 'लायसन माझ्या मेव्हण्याचं आहे, आपण त्याच्यावर चालवतो' असं कोणी म्हणालं तर चहा प्या आणि निघा.

मग ऑफिसात जाऊन त्यांना झालेल्या एखाद्या सौद्याची फाईल दाखवायला सांगा. ज्याच्याकडे सातबाऱ्यापासून सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या खरेदीचा उतारा) पर्यंतचे कागद लावलेली फाईल आहे, तिथे शिकायला मिळेल. ज्याच्याकडे फक्त मोबाइलमधले फोटो आहेत, तिथे तुम्ही पेट्रोल जाळाल. पैशाची पावती कोणाच्या नावाने फाडतात तेही विचारा. टोकन 'सध्या तुझ्या खात्यावर घे' असं जिथे चालतं, ती जागा नवख्याने टाळायचीच. पुढे वाद झाला की बँक स्टेटमेंटवर तुमचं नाव असतं, नानांचं नसतं.

एका कागदावर ठरवून घ्या

आपल्याकडे नात्यागोत्यात कामाला लागायची पद्धत, त्यामुळे पगाराचं लेखी मागायला लाज वाटते. तरी मागा. एक पान पुरतं: तुम्ही कोणत्या पदावर आहात, महिन्याचा पगार किती, पेट्रोल कोणाचं, सौद्यामागे बक्षिसी असेल तर ती कधी आणि कशी, आणि भाव, सवलत, टोकन हे विषय कोण बोलणार.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ पगाराची. पगार नाही, फक्त 'सौदा झाला तर अर्धी दलाली' असं असेल, तर तुम्ही नोकर नाही, उपदलाल आहात, आणि उपदलालाला वेगळी सूट कायद्यात कुठेच नाही. बिल्डरकडून येणारी दलाली नोंदणीकृत एजंटाच्या खात्यात जावी आणि त्याने त्याच्या खात्यातून तुम्हाला पगार द्यावा, हा सरळ मार्ग. बिल्डरने थेट तुमच्या नावाने चेक फाडला की तो चेकच पुरावा होतो. दलालीवर एका वर्षात २०,००० च्या वर रक्कम गेली की २ टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे त्या पैशाची नोंद तुमच्या पॅनवर आपोआप दिसते. लपून काही राहत नाही.

यात आणखी एक पेच आहे. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून एजंटांना प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्राची परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. ही सक्ती फक्त मालकाला नाही. एजंटाच्या किंवा बिल्डरच्या वतीने ग्राहकाशी बोलणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही प्रमाणपत्र हवं. म्हणजे 'मी नानांचा माणूस आहे' एवढ्यावर विक्रीची बोलणी करता येत नाहीत. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तुमचं काम कागद, धावपळ, नोंदी आणि साइटवर सोबत, इतकंच धरा.

पहिले काही महिने: कागद

ही धावपळ कमी लेखू नका. खान्देशात जमीन समजणारा माणूस दुर्मिळ, जमीन विकणारे ढीगभर.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतो, पण फाईलला लावायला डिजिटल सहीचाच काढा. तो हातात आल्यावर लोक आधी मालकाचं नाव शोधतात. तुम्ही आधी भूधारणा पद्धती वाचा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर पुढे चला. 'वर्ग २' असेल तर त्या जमिनीच्या विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती कागदावर पाहिल्याशिवाय नानांनाही हो म्हणू देऊ नका.

मग क्षेत्र. ते हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. गावाकडचा माणूस बिघ्यात बोलतो, पुण्याहून आलेला स्क्वेअर फुटात, आणि दोघांच्या मध्ये बसून हिशोब तुम्हाला करायचा असतो. वहीत नेहमी सातबाऱ्यावरचा आकडाच लिहा. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती आहे तेही टिपा.

खरी गंमत 'इतर अधिकार' या रकान्यात. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. केळी आणि कापसाच्या पट्ट्यात पीककर्जाचा बोजा नसलेला सातबारा विरळाच, त्यामुळे बोजा दिसला म्हणून दचकायचं कारण नाही. तो खरेदीआधी फेडून कमी झाल्याची नोंद हवी, एवढंच. कुळाचं नाव, पुनर्वसनासाठीची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, 'तुकडा' असा शेरा, यातलं काही असेल तर लाल पेनाने खूण करा. प्रलंबित फेरफार आहे का ते बघा, आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक घेऊन तो फेरफार वेगळा काढा. सातबारा आजची स्थिती सांगतो, ती कशी आली ते फेरफारात कळतं.

वारसांच्या फेरफारात बहिणींची नावं आहेत की गाळली आहेत, ते बोटाने मोजा. भावांनी परस्पर सौदा ठरवला आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही, अशा फायली आपल्याकडे ढिगाने. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी माहेरी येतात, पुरणपोळी होते, आणि जेवणानंतर सहीचा विषय निघतो. तोंडी 'बहीण काही म्हणणार नाही' हे फाईलला लावता येत नाही.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत तर कसलीच पळवाट शोधायची नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय अशी जमीन बिगर आदिवासीकडे जात नाही. विक्रीच नव्हे, गहाण आणि भाडेपट्टाही त्यात येतो. नंदुरबार जिल्हा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागात काम करणार असाल तर हा शेरा तुम्हाला वारंवार भेटेल. 'आत्ता साठेखत (पुढे विक्री करायचा करार) करून ताबा घेऊ, परवानगी मागून' असं सुचवणारे भेटतातच. अशा फाईलला हात लावू नका.

शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हा कूळकायद्याच्या कलम ६३ चा नियम. म्हणून घेणाऱ्याकडून त्याचा किंवा घरच्यांचा सातबारा आधीच मागून ठेवा. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेताचा कमीत कमी तुकडा, ऑगस्ट २०२३ पासून बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा शेत म्हणून विकायला काढला असेल तर प्रश्न विचारा. शहरी हद्दीत अलीकडे यात सवलती दिल्या गेल्या आहेत, त्यामुळे गट कोणत्या हद्दीत येतो ते बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका.

प्लॉटिंगची फाईल असेल तर त्यात आणखी कागद येतात: एनए आदेश किंवा सनद, मंजूर ले-आऊटचा नकाशा, महारेरा नोंदणीचं प्रमाणपत्र, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी). नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा. नकाशात ओपन स्पेस दाखवलेल्या जागी खुंट्या मारून प्लॉट पाडले आहेत का? नऊ मीटरचा म्हणून दाखवलेला रस्ता टेपने मोजला तर किती भरतो? हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिची 'क' प्रत, याला पर्याय नाही. शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याशी दहा मिनिटं बोललात तर सर्च रिपोर्टात नसलेलं बरंच कळतं.

जुनी खरेदीखतं नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडतात. एकाच प्लॉटची दोनदा विक्री झालेली आहे का, हे तिथे कळतं. हे काम नानांच्या ऑफिसात मन लावून करणारा पोरगा त्यांना लवकर लाडका होतो, कारण बहुतेकांना ते करायचा कंटाळा असतो.

साइटवर

गिऱ्हाईकाला घेऊन जाताना आणि परत आल्यावर एका वहीत नोंद करा: तारीख, वेळ, नाव, कोणता प्रकल्प, कोणता प्लॉट दाखवला, काय विचारलं, त्याची सही. पुढे दोन एजंटांत 'हे गिऱ्हाईक माझं' असा वाद झाला तर ही वही बोलते.

तोंडाचं पथ्य सगळ्यात कठीण. गाडीतून उतरता उतरता माणूस विचारतो, "भाऊ, हाऊ प्लॉट कितलाले शे? शेवटला भाव सांग." तुम्हाला भाव माहीत असतो, जीभ शिवशिवते. तरी उत्तर एकच: "भाव नाना सांगतीन, मी कागद दखाडस." आणि खरोखर कागद काढून हातात द्या. महारेराचा क्रमांक दाखवा, क्यूआर कोड त्याच्याच मोबाइलवर स्कॅन करायला लावा. गिऱ्हाईक भावाच्या उत्तराने खूश होतं तेवढंच कागद बघून होतं. नोकरदार माणूस तर जास्तच होतो.

भविष्याबद्दल काही बोलू नका. मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळे, शिरपूर भागातून जातो, हे खरं आहे. त्यापुढे 'स्टेशन इथून अर्ध्या किलोमीटरवर होणार' ही तुमची कल्पना, आणि तिच्या जोरावर कोणी पैसे भरले तर ती तक्रारीत जशीच्या तशी उतरते. खोटी माहिती देणं हा कलम १० प्रमाणे अनुचित व्यवहार आहे आणि त्यात नोंदणी तुमच्या मालकाची जाते. शिवाय रेल्वे किंवा महामार्गाच्या भूसंपादनात गेलेला गट विकायला काढलेला नाही ना, हेही तपासा. अशा गटाचा भाव चढलेला नसतो, संपलेला असतो.

पैसा आणि जाहिरात

पैशाला हात लावायचा नाही. टोकन, इसार, बयाणा, जे म्हणाल ते, थेट बिल्डरच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन जावं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. १५ लाखांच्या प्लॉटला दीड लाख ही वरची हद्द. रोखीत २०,००० किंवा त्याहून जास्त घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शेतजमिनीच्या सौद्यात आजही पिशव्या येतात. पिशवी उचलून द्यायला तुम्हाला सांगितलं तर मोटारसायकल पंक्चर झाली म्हणा.

व्हॉट्सअॅप स्टेटस ही जाहिरातच. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड नसलेला फोटो टाकू नका. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. आणि खाली 'संपर्क' म्हणून स्वतःचा नंबर टाकू नका. ऑफिसचा नंबर, एजंटाचं नाव आणि त्याचा नोंदणी क्रमांक टाका. पोरांना आपलं नाव झळकायला हवं असतं ते कळतं, पण ते झळकलं की तुम्ही स्वतःच एजंट असल्याचं जाहीर केलेलं असतं.

गिऱ्हाईक खर्चाचं विचारेलच. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. बाकी आकडा हद्दीप्रमाणे बदलतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा दस्तलेखकाकडून काढून द्या. अंदाजाने सांगाल तर शेवटच्या दिवशी त्यांना पैशांची जुळवाजुळव करावी लागेल.

स्वतःची नोंदणी

हाताखालचं काम वर्षानुवर्षं करत राहण्यात अर्थ नाही. कागद वाचता यायला लागले की प्रशिक्षणाला बसा. महारेराने मान्यता दिलेल्या संस्थांकडे २० तासांचं प्रशिक्षण असतं, त्यानंतर ऑनलाइन परीक्षा. ज्याने सातबारा, फेरफार, कार्पेट एरिया आणि विक्री करार खरोखर हाताळले आहेत त्याला अभ्यासक्रम जड जात नाही. पाठांतर करणाऱ्याला जातो.

प्रमाणपत्र मिळालं की महारेराच्या संकेतस्थळावर अर्ज. पॅन, आधार, फोटो, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा, आयकर विवरणपत्रं, आणि शुल्क: व्यक्तीला १०,००० रुपये, फर्म किंवा कंपनीला १ लाख. सुरुवात व्यक्ती म्हणून करा. मित्रामित्रांत फर्म काढून एक लाख भरायची घाई कशाला? आयकर विवरणपत्र आजवर भरलं नसेल तर या वर्षापासून भरायला लागा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. पुढे बँकेत उभं राहायलाही तेच कामी येतं. दलालीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागेल आणि दलालीवर १८ टक्के लावावा लागेल. पहिल्या वर्षी ती वेळ बहुधा येणार नाही.

नोंदणी क्रमांक मिळाल्यावर तो प्रत्येक सौद्याच्या कागदावर, पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर आणि पावतीवर आला पाहिजे. सौद्यांचे हिशोब आणि कागद जपून ठेवणं हीसुद्धा कायद्याने घातलेली जबाबदारी आहे, आणि व्हिजिटची वही लिहायची सवय असेल तर ती आपोआप पार पडते.

नानांच्या ऑफिसातून बाहेर पडताना त्यांची गिऱ्हाईकांची यादी मोबाइलमध्ये भरून नेऊ नका. सुरू असलेले सौदे त्यांच्याच नावावर पूर्ण करून द्या, राहिलेली बक्षिसी लेखी हिशोबाने मागून घ्या, आणि आधीच्या कागदावर ठरलं असेल तेवढी मुदत पाळा. जळगाव काय किंवा धुळे काय, या लाईनीत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तुमचा पहिला स्वतंत्र सौदा बहुधा नानांनीच पाठवलेल्या माणसाचा असतो.